चोराघरी बॅकअप

सोलापूरकराला साठवण शिकवायला जाऊ नये. नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या या गावात घरोघरी जी व्यवस्था उभी राहिली आहे, ती पाहायला एखाद्या डेटा सेंटरच्या मॅनेजरने वही-पेन घेऊन यावं. अंगणात जमिनीखाली हौद, गच्चीवर काळी टाकी, मोरीत निळं बॅरल, ओट्याखाली स्टीलची पिंपं. पाणी सुटलं की घागरी, बादल्या, पातेली भरायची. सगळं भरूनही नळ चालूच आहे हे बघवत नाही, म्हणून शेवटी कुकर. एकाच पाण्याच्या आठ प्रती आठ तऱ्हेच्या भांड्यांत, आणि वर एक कळशी शेजारच्या अक्कांकडे. नवं पाणी आलं की जुनं झाडांना. म्हणजे शिळी प्रत काढून ताजी चढवायची शिस्तसुद्धा आहे.

आणि याच घरात, हॉलच्या कोपऱ्यात, क्रोशाच्या रुमालाखाली कॉम्प्युटर असतो. तो आला होता दादाच्या इंजिनिअरिंगसाठी. दादा पुण्याला गेला, कॉम्प्युटर राहिला. आता त्याच्यावर घरातली पोरगी चित्रं काढते. बारावीनंतरच्या सुट्टीत हट्ट करून घेतलेला पेन टॅब्लेट, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणि रात्री साडेअकरानंतरची शांतता, एवढ्यावर तिने शेकडो चित्रं केलेली असतात. ती सगळी एकाच ठिकाणी असतात. डेस्कटॉपवर, 'न्यू फोल्डर'मध्ये.

फारच जागरूक घर असेल तर सांगतात, "डी ड्राइव्हला कॉपी ठेवलीय की." सी ड्राइव्ह आणि डी ड्राइव्ह ही बहुतेकदा एकाच डिस्कची दोन नावं असतात, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. हौदात मधोमध खडूची रेघ ओढायची आणि म्हणायचं, इकडचं पाणी वापरायचं, तिकडचं राखीव. पाण्याच्या बाबतीत असं कोणी सांगितलं तर सोलापुरातली शेंबडी पोरंही त्याला 'काय येड लागलं का बे' म्हणतील. डिस्कच्या बाबतीत मात्र समजूतदार माणसं मान डोलावतात.

मग एके दिवशी मे महिना येतो. बाहेर ४४ अंश, गच्चीखालच्या खोलीत त्याहून जास्त. कॉम्प्युटर सुरू होताना आतून टक-टक आवाज यायला लागतो. दुरुस्तीवाला पोऱ्या येतो, झाकण काढतो, आतली धूळ फुंकरीने आपल्या तोंडावर उडवतो आणि वैद्यकीय गांभीर्याने सांगतो, "फॉरमॅट मारावं लागंल." पुढचा प्रश्न तो विचारतोच, तेवढी त्याची सचोटी मान्य केली पाहिजे : "डेटा लागतोय का?"

पोरगी कॉलेजात असते. वडील सोफ्यावरून उत्तर देतात, "नाही नाही. काही नाही त्यात. पोरीची चित्रं आहेत."

घरगुती कॉम्प्युटरवरच्या कलेचा इतिहास लिहायचा झाला तर हे वाक्य पहिल्या पानावर घालावं लागेल.

बरं, चित्रं वाचली म्हणून भागतं असंही नाही. ती उघडणारं सॉफ्टवेअरही वाचावं लागतं. हे दुखणं गावातल्या डीटीपी आणि फ्लेक्सवाल्यांनी सगळ्यांच्या आधी भोगलं. सोलापूरला जयंत्या, वाढदिवस, निवडी आणि अभिनंदनं यांचा तुटवडा कधीच नसतो, त्यामुळे कोरलड्रॉ येणारा माणूस इथे उपाशी मरत नाही. पण कोरलमध्ये मराठी उमटायची ती श्रीलिपीसारख्या पॅकेजच्या फाँटमध्ये, आणि त्या पॅकेजचं कुलूप म्हणजे डोंगल : सीपीयूच्या मागे खोचलेला बोटभर तुकडा. दिवाळीच्या साफसफाईत हा तुकडा कचऱ्यात गेला की दुकानाची वाचा बसायची. फाईल जागेवर, नेत्याचा हात जोडलेला फोटो जागेवर, आणि 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' या ओळीच्या जागी अशी काही गिचमिड, की मोडीचे जाणकारही हात टेकतील.

म्हणून धंद्यातला नियम झाला : फाईल कर्व्ह करून पाठव. अक्षरांच्या रेघाच करून टाकायच्या, म्हणजे फाँट नसला तरी बिघडत नाही. उपाय नामी आहे. तोटा एवढाच, की मग ती अक्षरं राहत नाहीत, त्यांचं चित्र होतं. शुद्धलेखनाची चूक सापडली तरी दुरुस्त करता येत नाही. पुढच्या वर्षी तीच फाईल काढावी तर 'अध्यक्ष'च्या आधी 'माजी' घालायला जागा नाही. कर्व्ह केलेल्या फाईलमध्ये नेत्याचा पक्ष बदलता येत नाही. नेत्याला येतो.

कोरल स्वतःहून मूळ फाईलशेजारी 'बॅकअप ऑफ' अशा नावाची दुसरी फाईल करून ठेवत असे. पोरगी वापरते ते फुकटचं क्रिटाही तसंच करतं. जुनी प्रत नावाच्या शेपटाला एक नागमोडी रेघ लावून बाजूला ठेवून देतं. यंत्राला माणसाचा स्वभाव माहीत असावा. पण ऑपरेटरचा स्वभाव यंत्राला माहीत नाही. दर शनिवारी फोल्डर 'क्लीन' करणारे महाभाग या फाइली आधी वेचून उडवतात. "ही काय घाण येती की बे सारखी?"

सॉफ्टवेअरचा हा घोळ आपल्याकडच्या गरिबीतून आला आहे असं कोणाला वाटत असेल, तर अँडी वॉरहॉलचं उदाहरण घ्यावं. १९८५ साली कमोडोर कंपनीने आपल्या नव्या अमिगा कॉम्प्युटरच्या जाहिरातीसाठी या जगप्रसिद्ध चित्रकाराला स्क्रीनसमोर बसवलं. त्याने काढलेली चित्रं फ्लॉपीवर गेली आणि फ्लॉप्या पुढे पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयात. जवळपास ३० वर्षं त्या सुखरूप होत्या. अडचण अशी, की चित्रं ज्या सॉफ्टवेअरमध्ये काढली ते बाजारात येण्याआधीचं, कच्चं होतं, त्यामुळे फाइली कशातच उघडेनात. शेवटी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर क्लबातल्या मंडळींनी त्या फाइलींच्या बांधणीचा उलगडा केला आणि २०१४ साली चित्रं जगाला दिसली. आपल्या पोरीच्या नशिबी संग्रहालय नाही आणि विद्यापीठाचा क्लबही नाही. तिच्या नशिबी फुंकर मारणारा पोऱ्या आहे.

आमच्या पिढीचा सॉफ्टवेअरचा बॅकअप म्हणजे सीडी. माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नाच्या अल्बमांखाली. वर स्केचपेनने लिहिलेलं 'फोटोशॉप + अँटीव्हायरस + भक्तिगीते'. सोलापूरच्या माळ्यावर चार उन्हाळे काढलेली सीडी वाचली जाईल, ही आशा भक्तिगीतांच्याच सदरात मोडते. आणि वाचली गेली तरी काय? रीतसर विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरलाही पहिल्यांदा चालू होताना कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागायची, आणि सर्व्हर काही अमरपट्टा घेऊन आलेले नसतात. ॲडोबीने २०१२च्या डिसेंबरात आपल्या जुन्या सीएस-२ मालिकेची ही परवानगी देणारी यंत्रणा बंद केली. त्या ग्राहकांना निदान वेगळे क्रमांक तरी दिले. २०१३ साली कंपनीने ठरवलं की यापुढे नवी आवृत्ती विकायचीच नाही, महिन्याच्या भाड्याने द्यायची. भाडेकरूने घराचा बॅकअप कसा ठेवायचा हे भाडेकरार लिहिणाऱ्यांनाच ठाऊक.

पोरीचं सॉफ्टवेअर फुकट, म्हणून तिला हा ताप नाही. तिचा ताप निराळा. क्रिटाची चित्रं ती जपून पेनड्राइव्हवर नेते, मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर क्रिटा पुन्हा उतरवून घेते, फाईल उघडते. चित्र आलं, पण हात आला नाही. वर्षभर घासून-पुसून बनवलेले तिचे ब्रश, पावसाच्या रेघांचा एक, नऊवारीच्या काठाचा एक, ते चित्राच्या फाईलबरोबर प्रवास करतच नाहीत. ते विंडोजच्या एका लपवलेल्या फोल्डरात, ॲपडेटामध्ये बसलेले असतात. तो फोल्डर उचलून नेला पाहिजे किंवा ब्रशांचं गाठोडं बांधून बाहेर काढलं पाहिजे. क्रिटात त्याला बंडल म्हणतात आणि तशी सोयही आहे. ही सोय सगळ्यांना कळते, पण फॉरमॅटनंतर.

जाणकारांचा एक सोपा नियम आहे. तीन-दोन-एक. पीटर क्रॉग नावाच्या छायाचित्रकाराने तो रूढ केला : प्रती तीन, माध्यमं दोन, आणि एक प्रत गावाबाहेर. पहिल्या दोन अटींना सोलापूरकर नाक मुरडेल, पण तिसरी त्याने कधीच पूर्ण करून ठेवली आहे. इथल्या प्रत्येक घराची एक प्रत गावाबाहेर असतेच. हिंजवडीला.

तेव्हा हार्ड डिस्क दादाकडे पाठवायची ठरते. नेटवरून पाठवू म्हटलं तर घरचं नेट वर चढवताना धापा टाकतं. रेल्वेचा हिशोब करून बघा. एक टीबीची डिस्क सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये ठेवली, की साधारण चार तासांत पुण्याला. म्हणजे सेकंदाला जवळपास ७० एमबी, तेही कुर्डुवाडीचा थांबा धरून. एवढा वेग घरच्या वायफायने स्वप्नातही पाहिलेला नाही. शिवाय वायफायमधून शेंगाचटणी जात नाही. डिस्क आधी टॉवेलमध्ये, मग चादरीत, मग पिशवीत कडक भाकऱ्यांच्या मध्ये. भाकरीसारखं धक्के सोसणारं पॅकिंग अजून कोणत्या कंपनीला साधलेलं नाही. पुण्यात दादा पिशवी उघडतो, चटणी फ्रीजवर ठेवतो, डिस्क ड्रॉवरमध्ये टाकतो. दोन वर्षांनी बहीण विचारते, "दादा, ती डिस्क चालतीय ना रे?" दादा म्हणतो, "असंल की. चटणी संपली, ते सांग आईला."

बॅकअप ठेवणारे पुष्कळ असतात. तो परत उघडून पाहणारा मला अजून भेटायचा आहे.

गुगल ड्राइव्हचं नाव आता कोणीतरी काढेल. काढा. १५ जीबी फुकट, आणि १ जून २०२१पासून फोटोही त्यातच मोजले जातात. पुढे व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा त्याच कोट्यात आला. घरातलं गुगलचं खातं एकच, काढलं दादाने, पासवर्ड आईच्या वाढदिवसाचा, आणि वापरतात सगळे. त्यामुळे पोरीचं सव्वाशे लेयरांचं चित्र वर चढायला जातं तेव्हा जागा भरलेली असते. कशाने? काकांच्या सुप्रभाताने. रोज पहाटे उगवतीचा सूर्य, गुलाब आणि सुविचार असे जे तीन नग काका सत्तेचाळीस ग्रुपांवर पाठवतात, त्यांची पै न् पै राखण कॅलिफोर्नियातल्या सर्व्हरांवर चालू आहे. हजार वर्षांनी उत्खनन झालंच, तर आपल्या संस्कृतीत सूर्योदयाखेरीज काही घडत नव्हतं असा निष्कर्ष निघेल.

बरं, ड्राइव्हवर टाकलं म्हणजे राखलं असंही नव्हे. कॉम्प्युटरशी जोडलेला फोल्डर इमानी असतो. इकडे चित्र पुसलं की तोही तिकडे पुसतो, आणि कचऱ्याची पेटी ३० दिवसांनी रिकामी करतो. पोरीला एकतिसाव्या दिवशी आठवतं.

आपण घरगुती माणसं, आपलं सोडा. पिक्सारमध्ये काय झालं? १९९८ साली तिथे 'टॉय स्टोरी २' बनत होता. कोणीतरी चुकीच्या जागी पुसून टाकण्याची आज्ञा दिली आणि सिनेमा भराभर नाहीसा व्हायला लागला. म्हणे आधी पात्राची टोपी गेली, मग पात्रच. धावाधाव झाली. बॅकअपच्या टेप काढल्या, तर त्या बऱ्याच दिवसांपासून धड भरल्याच जात नव्हत्या. तपासलं कोणी नव्हतं. म्हणजे हिंजवडीचा ड्रॉवर तिथेही होता. वाचवलं कोणी? गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेने. तिला मूल झालं होतं, ती घरून काम करायची, म्हणून सिनेमाची एक प्रत तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटांत गुंडाळून, मोटारीच्या मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून स्टुडिओत आणला. ब्लँकेटं सोलापूरची नव्हती, ही एक संधी आपली हुकली. पुढची गंमत अशी, की एवढं करून वाचवलेला सिनेमा कंपनीलाच पसंत पडेना. बहुतेक सगळा नव्याने केला आणि १९९९च्या नोव्हेंबरात लावला.

मला यातलं बाळ महत्त्वाचं वाटतं. सुसमनबाईंनी प्रत ठेवली ती बॅकअप म्हणून नव्हे, पाळणा हलवता हलवता काम करता यावं म्हणून. ठरवून ठेवलेली प्रत दगा देते आणि भलत्याच कारणासाठी कोणाकडे तरी गेलेली प्रत तारते, असं जगभर चाललेलं दिसतं. सोलापुरात तर हा जुना उद्योग आहे. हे मला पोरीच्या आजोबांनी समजावलं.

आजोबा शहराच्या पूर्व भागातले. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, मागापाशी दोन्ही. नात त्यांना ताता म्हणते. उभी हयात चादरीच्या कारखान्यात जकार्डची कार्डं पंच करण्यात गेली. नात स्क्रीनवर चित्र मोठं करून चौकटी-चौकटी दाखवत होती, तेव्हा ते चष्मा वर करून म्हणाले, "हे तर आमचंच काम की." ग्राफपेपरवर चौकटी रंगवायच्या. रंगवलेल्या चौकटीला कार्डात छिद्र. छिद्र असलं की सुई आत जाते, धागा उचलला जातो, नसलं की नाही. एकेका आडव्या धाग्याला एकेक कार्ड, आणि सगळी कार्डं दोरीने ओवून मागावर टांगायची.

"म्हणजे पिक्सेल, ताता," नात म्हणाली.

"पिक्सेल-बिक्सेल नाही. मोर," ताता म्हणाले.

दोघंही बरोबर होते. फ्रान्सच्या जोसेफ मारी जकार्डने १८०४च्या सुमाराला हा माग आणला, आणि छिद्र आहे की नाही एवढ्याच भाषेत चित्र साठवायची सोय झाली. पुढे १८३९ साली खुद्द जकार्डचं चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली. कार्डावर हजारेक छिद्रांची जागा धरली तर आजच्या मापाने तीन एमबी. काकांचा एखादा व्हिडिओ. कॉम्प्युटरचा आद्यपुरुष चार्ल्स बॅबेज हे चित्र दिवाणखान्यात लावून पाहुण्यांना कोड्यात पाडत असे.

"पण ताता, कार्डं खराब झाली तर? बॅकअप काय?"

ताता हसले. कार्डं उंदीर खायचे. एका पावसाळ्यात त्यांच्या मोराचे पाय आणि अर्धा पिसारा उंदरांनी खाल्ला. ग्राफ मालकाच्या कपाटात होता, तो आधीच वाळवीने नेलेला. त्यात असं, की कारखान्याचा हा मोर बाजारात आल्यावर थोड्याच दिवसांत शेजारच्या कारखान्यानेही तो काढला होता. चादर विकत आणायची, भिंगाखाली धरायची, धागे मोजत ग्राफ परत मांडायचा, की डिझाईन आपलं. ओळखू येऊ नये म्हणून मोराची मान तेवढी दुसरीकडे वळवायची. तेव्हा ताताच्या मालकांनी रस्त्यात उभं राहून तेलुगूत आणि मराठीत शिव्या दिल्या होत्या.

"मग?"

"मग काय. आमची एक चादर शिल्लक नव्हती. त्याच्याच दुकानात गेलो, पैसे देऊन चादर आणली, धागे मोजले, मान सरळ केली."

चोरावर मोर ऐकलं होतं. चोराकडे मोर ठेवायला दिल्याचं पहिल्यांदाच ऐकलं.

नातीला तेव्हा हसू आलं. तिच्यावर पाळी यायची होती. तिने संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेवर एक मोठं चित्र केलं होतं : सिद्धरामेश्वरांचे सातही नंदीध्वज, खाली बाराबंदीतली माणसं, अक्षता. दीड महिना चालू होतं. एका मंडळाने मागितलं तेव्हा तिने मोठ्या आकाराची फाईल फुकट दिली आणि मंडळाने ती फ्लेक्सवाल्याकडे पोचवली. मग मे महिना आला, टक-टक झाली, वडिलांनी सोफ्यावरून उत्तर दिलं. पोरगी फ्लेक्सच्या दुकानात गेली तेव्हा ऑपरेटरने फार वाईट वाटून घेतलं. "ताई, मी पण फॉरमॅट मारलं ना दिवाळीत." मंडळाच्या अध्यक्षांकडे होतं, पण व्हॉट्सॲपवर आलेलं, आणि तेही त्यांच्या स्वतःच्या फोटोमागे.

संक्रांतीला होम मैदानावर गड्डा भरला. पाळणे, भांडी, चुरमुरे, आणि एका कोपऱ्यात टी-शर्टांचा ढीग. पोरगी थबकली. छातीभर सात नंदीध्वज. रंग शाबूत, अक्षता शाबूत, तिने एका म्हातारबाबांना दिलेली ताताची मिशीही शाबूत. खालच्या कोपऱ्यातली तिची सही तेवढी कापलेली. भांडायला म्हणून ती पुढे झाली, पण शिवणीजवळच्या रेघा बघता बघता तिचा आवाज उतरला. यावरून परत काढता आलं असतं.

"केवढ्याला?"

"अडीचशे."

"जरा कमी करा की."

"नाही होत ताई. ओरिजिनल डिझाईन आहे. गावात दुसरीकडं मिळायचं नाही."

तिने मागे वळून पाहिलं. ताता खिशातून पैसे काढत होते.

"दोन घे," ते म्हणाले. "एक पुण्याला पाठवू."